सरदाराच्या बागेतला म्हसोबा

लीड्स, निघण्याआधी

जपानला जाऊन आले म्हटल्यावर इथली माणसं पहिला प्रश्न बुलेट ट्रेनचा विचारतात आणि दुसरा चेरीच्या फुलांचा. ट्रेन वेळेवर होती आणि फुलं नव्हती, कारण आम्ही नोव्हेंबरात गेलो. एवढं सांगून मी ते दोन्ही प्रश्न निकालात काढते. मी गेले होते एका जुन्या सरदाराचं घर आणि त्यामागची बाग बघायला. खरं म्हणजे ती बाग मी कितीतरी वर्षं रोज बघत होते. आमच्या ह्यांनी तिची नक्कल लीड्समध्ये, आमच्या किचनच्या खिडकीसमोर करून ठेवली होती.

हे हॉस्पिटलमध्ये इंजिनिअर होते. बॉयलर, पाइप, हवा खेळती ठेवणारी यंत्रं, असलं सगळं यांच्याकडे. बोलणं अगदी कमी. मला बघायला आले तेव्हा माझ्या आत्याला वाटलं, मुलाला ऐकू येत नसावं. रिटायर झाल्यावर एका चॅरिटी शॉपमधून हे एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. जपानमधल्या सरदारांच्या घरांचे फोटो आणि खाली बारीक अक्षरात माहिती. त्यातल्या एका पानावर हे जे अडकले ते अडकलेच. आमचं मागचं गार्डन तीस फुटांचं. त्यात तळं झालं, मेपल आला, शेवाळ आलं, आणि एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायची वाट आली. ती वाट मेपलला वळसा घालून मागच्या बाकापर्यंत जायची. सरळ गेलं तर वीस पावलं, पण ह्यांच्या वाटेने चाळीस.

एक दिवस त्या वाटेच्या मधोमध नारळाएवढा गोल दगड दिसला. काळ्या काथ्याने दोन्हीकडून बांधलेला, वर धरायला गाठ. मी विचारलं, "अहो, हे काय?"

"फोटोत आहे तसा केलाय."

"पण कशाला असतो?"

"असतो तिकडे," हे म्हणाले. ह्यांच्याकडून एवढं उत्तर म्हणजे भाषणच.

आता वाटेवरचा गोल दगड, त्याला दोर बांधलेला. माझं माहेर साताऱ्याकडचं, मला शिकवायला नको. आमच्या गावाबाहेर असाच एक म्हसोबा होता, शेंदूर फासलेला, येणारा-जाणारा हात जोडून पुढे जायचा. मी म्हटलं, हा ह्यांचा जपानी म्हसोबा. त्याच दिवशी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं, नमस्कार केला आणि पुढे जाऊन बाक पुसून आले. ह्यांनी ते पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतेच हसले. तेव्हापासून रोजचं फूल ठरलं. कधी फ्यूशिया, कधी शेवंती, बर्फात काहीच नसलं तर तुळशीची कुंडी आत होती, तिचं पान.

एवढी एक तक्रार मात्र होती. हे त्या दगडाला जागेवर राहू देत नसत. कधी तो वाटेवर, कधी शेडच्या कोपऱ्यात. "देवाला असं सारखं इकडेतिकडे करू नये," मी सांगायची. हे मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग ह्यांचा आजार आला. एक वर्ष मिळालं. त्या वर्षात हे दुपारचे कोट घालून मागच्या बाकावर जाऊन बसायचे, आणि मी म्हसोबाला फूल ठेवून चहा आणि गोळ्यांची डबी घेऊन मागोमाग जायची. शेजारी बसून बडबडायची. कुणाची सून बाळंत झाली, मंडळाच्या गणपतीत कोण कुणाशी भांडलं. हे ऐकायचे.

आमची मुलगी रेवा क्रॉयडनला असते. इथेच जन्मली, इथेच शिकली, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्या वर्षात ती जवळजवळ दर शनिवारी ट्रेनने यायची. पण आली की किचनमध्ये उभी. भांडी घासायची, फ्रिज आवरायचा, खिडकीतून बाबांकडे बघायचं. बाहेर त्यांच्याजवळ जाऊन बसणं नाही. मी म्हणायची, "जा की, बस त्यांच्यापाशी." ती म्हणायची, "नंतर." तो नंतर आलाच नाही. हे गेले. तेराव्याच्या दिवशी, सगळे पांगल्यावर, मी तिला म्हटलं, "तू पाहुण्यासारखी आलीस आणि पाहुण्यासारखी गेलीस. बापाजवळ दहा मिनिटं बसली नाहीस." तिने मान खाली घालून कप गोळा केले. बापाच्या वळणावर गेलेली. त्यानंतर अकरा महिने आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का" आणि "हो".

मग एक दिवस तिचा फोन आला. "आई, बाबांना ती हाउस बघायचा होता. ओरिजिनल. मी दोघींचा तिकिट काढते." मी हो म्हटलं. मला ती बाग बघायची होती. तिला माफ करायचं माझ्या मनात नव्हतं, आणि हे तिलाही माहीत होतं असं मला वाटतं.

पहिला दिवस, गावात

गाव पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. एकेकाळी संस्थानाची राजधानी, आता स्टेशनवर उतरणारी माणसं सहा. त्यातल्या आम्ही दोघी. स्टेशनमास्तरांनी आम्हाला वाकून नमस्कार केला, मी हात जोडले, त्यांनी पुन्हा वाकून केला, मी पुन्हा जोडले. रेवाने मला दंडाला धरून बाहेर काढलं, नाहीतर आम्ही अजून तिथेच असतो.

गावातून दगडी पाट वाहतात, घराघरासमोरून, आणि त्यात चक्क मोठाले मासे पोहत असतात. कुणी धरत नाही, कुणी कचरा टाकत नाही. घरांपुढे झाडलेलं इतकं स्वच्छ की मला उगाच अपराधी वाटायला लागलं. रस्त्यावर तरुण माणूस जवळजवळ नाहीच. म्हाताऱ्या बायका छोट्या चाकांच्या गाड्या ढकलत हळूहळू चालतात, आपल्याला पाहून थांबतात आणि मान झुकवतात. एकीच्या गाडीत मुळे होते, पानांसकट, हातभर लांब. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तिने एक मुळा काढून माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मला "थँक यू" म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही. मग तो मुळा घेऊन मी दिवसभर फिरले.

जेवणाचं मात्र विचारू नका. मी शाकाहारी आहे हे रेवाने फोनवर जपानीत लिहून आणलं होतं. वाढणाऱ्या बाईंनी तो फोन दोन्ही हातांनी घेतला, वाचला, काळजीने मान डोलावली आणि मऊ पांढऱ्या टोफूची वाटी आणून ठेवली. वर लाकडाच्या भुशासारखे पापुद्रे, आणि ते वाफेने हलत होते. मी एक घास घेतल्यावर रेवा म्हणाली, "आई, थांब. तो फिश आहे. ड्राय केलेला." तिने आपली वाटी पुढे केली. तिने वरचे पापुद्रे काढून टाकले होते, पण खालच्या रश्शातही मासाच होता. तिथे समुद्र प्रत्येक भांड्यात असतो. शेवटी मी भात घेतला, पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली, आणि त्यांनी दिलेलं एक खारवलेलं लाल फळ तोंडी लावलं. ते इतकं आंबट-खारट होतं, की माझ्या आईच्या बरणीच्या तळाशी उरलेल्या जुन्या लिंबाच्या फोडीची आठवण झाली. डोळ्यांत पाणी आलं. आंबटामुळे, असं मी रेवाला सांगितलं.

ह्यांना ते फळ आवडलं असतं. ते ओठांवर आलं होतं, पण म्हटलं नाही. आमच्यात अजून तसलं बोलायची सोय झाली नव्हती.

दुसरा दिवस, सरदाराचं घर

सकाळी साडेनऊला आम्ही त्या घराच्या फाटकाशी होतो. थंडी कडक, ऊन स्वच्छ. आत जायला दोन दारं. एक भलंमोठं, पायऱ्या असलेलं, ते फक्त सरदाराच्या पालखीसाठी. दुसरं बाजूचं, बाकीच्या दुनियेसाठी. मोठं दार आजही बंदच असतं. संस्थानं खालसा झाली, सरदाराचे वंशज राजधानीत गेले, घर गावाच्या हवाली झालं, तरी त्या दाराने कुणी जात नाही.

आम्हाला घर दाखवायला ओकादा-सान नावाचे गृहस्थ आले. वय ऐंशीच्या घरात, कोट-टाय, गळ्यात स्वयंसेवकाची पाटी. शाळेत इंग्रजी शिकवायचे. प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून मग बोलायचे, त्यामुळे समजायला फार सोपं.

दाराशी बूट काढायचे होते. ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही, लीड्समध्ये गॅस मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा मी बूट काढायला लावते. पण मोजा फाटलेला निघाला. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट बाहेर आलेलं. जोडवी होती तेव्हा माझे सगळे मोजे तिथेच फाटायचे, आणि हे दर दिवाळीला मला मोज्यांची सहा जोडांची पाकिटं आणून द्यायचे. आता जोडवी नाहीत, मोजा मात्र त्याच जागी फाटला होता. ओकादा-सान भिंतीकडे बघायला लागले, इतके सभ्य. रेवाने खाली बसून माझे बूट उचलले आणि तोंडं दाराकडे करून ठेवले. तिथली पद्धत तशी आहे, निघताना पाय सरळ आत गेला पाहिजे.

आत खोलीमागून खोली. फर्निचर म्हणून काही नाही. जमिनीवर गवताच्या जाड चटया, त्यांना कापडाची किनार. त्या किनारीवर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, जसं आपण उंबऱ्यावर पाय देत नाही. सगळ्यात आतल्या खोलीत सरदार बसायचा ती जागा वीतभर उंच. समोर येणारा माणूस किती लांब बसणार हे त्याच्या हुद्द्यावर ठरायचं. ओकादा-सानांनी मला सरदाराच्या समोर, थोड्या अंतरावर बसायला सांगितलं. "आता बाहेर बघा," ते म्हणाले. बाहेर बघितलं, तर सरदाराच्या जागेवरून बाग पूर्ण दिसेल आणि माझ्या जागेवरून फक्त तिचा एक तुकडा. खांब मुद्दाम तिथे घातलेला. "पाहुण्याला जेवढं दाखवायचं तेवढंच," ते म्हणाले.

गुडघ्यांनी उठायला नकार दिला. रेवाने मागून काखेत हात घालून मला उभं केलं. तेवढं करून लगेच लांब झाली.

मग ओकादा-सानांनी शेवटचं सरकतं दार बाजूला केलं, आणि समोर आमचं गार्डन होतं.

दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. तळं तेच, फक्त शंभरपट. मेपल तोच, इथे लालभडक, आमच्याकडे वाऱ्याने आधीच झडलेला. मागे खरा डोंगर. ह्यांनी त्या डोंगराच्या जागी काय केलं होतं माहीत आहे? शेजाऱ्यांच्या शेडच्या छपरावर हिरवी वेल चढवली होती, त्यांची परवानगी काढून. मी तेव्हा हसले होते. आता त्या ओसरीवर उभी राहून मला रडू फुटलं. माणूस जन्मभर बॉयलर बघतो आणि मनात एवढा डोंगर घेऊन वावरतो, आणि आपण त्याला गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारतो.

दोन बायका गुडघ्यांवर बसून बोटभर झाडूने शेवाळावरची पानं काढत होत्या. ओकादा-सान कुणाशी तरी बोलायला आत गेले. रेवा फोटो काढत होती. मी ओसरीखालच्या चपला घातल्या आणि वाटेला लागले. मला नकाशाची गरज नव्हती. तिसऱ्या दगडाशी डावीकडे, पाचव्याशी मेपल.

मेपलजवळ, वाटेच्या मधोमध, तो होता. नारळाएवढा, काळा दोर, वर गाठ. मला इतकं बरं वाटलं, परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं. शेजारच्या झुडपाखाली गुलाबी फुलं गळून पडली होती. त्यातलं एक चांगलंसं उचललं, दगडावर ठेवलं, हात जोडले. "आलो बाबा तुझ्या गावाला," म्हटलं. "एकजण कमी आलो." आणि नेहमीसारखं त्याच्या उजवीकडून पुढे पाऊल टाकलं.

"आई, थांब!"

रेवाचा असा आवाज मी ती सात वर्षांची असल्यापासून ऐकला नव्हता. वळून बघते तर ती ओसरीवरून नुसत्या मोज्यांवर खाली उतरलेली, आणि तिच्यामागून ओकादा-सान, तेही मोज्यांवर, खड्यांवरून पळत. झाडणाऱ्या बायका हात तसेच धरून बसल्या.

मी परत आले. ओकादा-सान धापा टाकत होते आणि माफीही तेच मागत होते. मी म्हटलं, मी देवाला ओलांडलं नाही, बाजूनेच गेले, आमच्याकडे चालतं. ते दगडावरच्या फुलाकडे बघत राहिले. मग हळूहळू, एकेक शब्द तपासत, म्हणाले, "हा देव नाही. ह्याला आम्ही नाका राखणारा दगड म्हणतो. ह्या वाटेने आज येऊ नका, असा त्याचा अर्थ. घरमालक वाटेवर ठेवतो. तोंडाने सांगितलं तर पाहुण्याला वाईट वाटेल ना. म्हणून."

"आणि मग?"

"मग, यायला हरकत नसेल तेव्हा गाठीला धरून उचलतो आणि बाजूला ठेवतो."

कधी वाटेवर, कधी शेडच्या कोपऱ्यात. ह्यांनी पुस्तकातली खालची बारीक अक्षरं न वाचता सोडली असतील हे शक्यच नव्हतं. हे औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचायचे. म्हणजे त्या वर्षात, रोज, हे वाटेवर दगड ठेवून बसत होते. मला एकटं राहू दे, असं सांगत होते. आणि मी त्या सांगण्यावर फूल ठेवून, चहा घेऊन, आत घुसत होते.

ओसरीवर

ओकादा-सानांनी आम्हाला ओसरीवर बसवलं आणि हिरवा चहा आणायला गेले. रेवाचे मोजे ओले झाले होते. तिने ते काढले नाहीत.

मी विचारलं, "तुला कसं माहीत होतं?"

ती बागेकडे वळली. मग म्हणाली, "बाबांनी सांगितला. फोनवर. फर्स्ट कीमोनंतर. म्हणाले, तो स्टोन वाटेवर असला ना, की मला जरा एकटा बसायचा असतो. आईला सांगू नको. ती रोज फूल ठेवते, तिला वाईट वाटेल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी प्रॉमिस घेतला, आई." तिचा आवाज बारीक झाला. "मी दर सॅटर्डेला यायची. ट्रेनमध्ये ठरवायची, आज बाबांना हे बोलायचा, ते बोलायचा. लिस्ट केली होती फोनवर. आणि घरी आले की किचनमधून बघायची, आणि स्टोन तिथेच. एव्हरी सिंगल टाइम. मला वाटला, ते नको म्हणतायत. मला वाटला मी शहाणी आहे, मी ऐकते. आय थॉट आय वॉज बीइंग गुड."

तेराव्याच्या दिवशी मी तिला काय म्हटलं होतं ते माझ्या कानात मलाच ऐकू येत होतं. पाहुण्यासारखी. पाहुण्यासारखी वागली होती खरी, यजमानाने सांगितलं तेवढं ऐकून बाहेर थांबलेली. आणि मी आत बसून तिला नावं ठेवत होते.

मी म्हटलं, "मग मीच चुकले. मी रोज जाऊन त्यांना त्रास दिला. त्यांना शांतता हवी होती, आणि मी बाळंतपणं सांगत बसले."

"नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू बघितला नाहीस, कारण तुझा लक्ष ट्रेवर असायचा, चहा सांडेल म्हणून. मी खिडकीतून बघायची ना. तू मेपलपाशी आलीस की बाबा बाजूला सरकायचे. बेंचवर. तुला जागा करायला. तू यायच्या आधीच. रोज."

आणि मग ती रडली. हे गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यावरूनही मी तिला मनातल्या मनात बोल लावला होता. "तू गेलीस, आई," ती म्हणत होती. "तुला मीनिंग माहीत नव्हता म्हणून तू गेलीस. मला माहीत होता, म्हणून मी नाही गेले. मी गेले असते तर माझ्यासाठीपण सरकले असते का?"

"सरकले असते ग," मी म्हटलं. तिला जवळ घेतलं. चाळिशीला आलेली मुलगी, पण डोकं खांद्यावर टेकताना अगदी शाळेतून आल्यासारखी टेकली. मला तिची माफी मागायची होती. ती मागितली. मोडक्या शब्दांत, नाक पुसत पुसत, पण मागितली. असल्या गोष्टी प्रवासवर्णनात लिहीत नाहीत हे मला माहीत आहे. पण त्या गावात मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, बाकी तळं आणि डोंगर पुस्तकातही आहेत.

ओकादा-सान चहा घेऊन आले होते आणि आमचं आवरेपर्यंत दाराआड थांबले होते. हे मला नंतर कळलं, चहा निवला होता त्यावरून. त्यांनी वाट्या आमच्यापुढे ठेवल्या, सोबत कागदावर लाल घेवड्याच्या सारणाची गोड वडी. चहा कडू, कारल्याच्या पाण्याचा सख्खा भाऊ. वडी आधी खायची असते, मग चहा कडू लागत नाही. आम्ही उलटं केलं.

रेवाने त्यांना विचारलं, इंग्रजीत, सावकाश, "ज्याने दगड ठेवला तोच उचलतो ना?"

"होय."

"आणि तो माणूस राहिला नसेल तर?"

ओकादा-सान गुडघ्यांवर हात ठेवून बसले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग बागेकडे, मेपलकडे. कदाचित त्यांना सगळं कळलं असेल, कदाचित नुसताच नियम आठवत असतील.

"तर घरातलं कुणीतरी उचलतं," ते म्हणाले. "पाहुण्याने उचलायचा नाही. घरातल्याने."

निघताना मी मागे वळून पाहिलं. मेपलजवळच्या दगडावर माझं गुलाबी फूल तसंच होतं. झाडणारी बाई त्याच्यापर्यंत पोचली होती. तिने आजूबाजूची सगळी पानं काढली आणि ते फूल राहू दिलं.

पुन्हा लीड्स

उरलेले चार दिवस आम्ही देवळं पाहिली, गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो, एका दुकानात रेवाने मला मोज्यांच्या सहा जोड्या घेऊन दिल्या. त्या सगळ्याबद्दल इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं असेल. मला घरी यायची घाई झाली होती.

रेवा मँचेस्टरहून क्रॉयडनला जाणार होती. ती गेली नाही, माझ्याबरोबर लीड्सला आली. बॅगा हॉलमध्ये टाकल्या. मी किचनचा दिवा लावला, हीटिंग चालू केलं. दुपारचे तीन, म्हणजे इथे नोव्हेंबरात संध्याकाळच. खिडकीतून बाग दिसत होती. आठवडाभर कुणी झाडली नव्हती, वाट पानांखाली गेली होती. पण दगड दिसत होता. हे ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेले त्या दुपारी तो जिथे ठेवून गेले होते, तिथेच. वर्षभर मी त्याला हलवलं नव्हतं. देवाला इकडेतिकडे करू नये, म्हणून.

त्याच्यावर मी निघायच्या दिवशी ठेवलेली शेवंती होती, तपकिरी झालेली.

रेवा माझ्या शेजारी खिडकीशी उभी होती. तिथेच, जिथे ती दर शनिवारी उभी राहायची. तिने कोट काढला नव्हता.

मी मागचं दार उघडलं. गार वारा आत आला. "जा," मी म्हटलं.

ती दारापर्यंत आली आणि थांबली. "आई, तू उचल ना. मी कसा?"

"मी नाही उचलणार. मला तर तो अडवायचाही नाही कधी," मी म्हटलं. "तू उचल. तू घरातली आहेस."

ती गेली. दगडादगडावर पाय ठेवत, तिसऱ्याशी डावीकडे, पाचव्याशी मेपल. वाकली. आधी शेवंती उचलून कोटाच्या खिशात ठेवली. मग गाठीला धरून दगड उचलला. जड असावा, कारण दुसरा हात खाली लावला. थोडा वेळ तशीच उभी राहिली, पोटाशी धरून. मग शेडच्या कोपऱ्यात, हे ठेवायचे त्याच जागी, तो ठेवला. आणि वळसा घालून बाकाकडे गेली.

ती बाकाच्या मधोमध बसली नाही, म्हणून मी निरखून बघितलं. ती एका टोकाला बसली होती, दुसरी बाजू मोकळी सोडून.

मी चहा ठेवला. दोन कप काढले. चहा उकळला, गाळला, ट्रेवर ठेवला. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग मी ट्रे ओट्यावर ठेवला, खुर्ची ओढून बसले, आणि तिला हाक मारली नाही.